खालची पापणी

खोल्या भाड्याने देण्याआधी नानांनी माझी पापणी बघितली.

आम्ही नवराबायको तेव्हा बों अक्योय गावात जागा शोधत होतो. जवळच्या साखर कारखान्याच्या भांडारात मला नोकरी लागली होती. खिळे, पट्टे, तेलाचे डबे, काय आलं आणि काय गेलं ते लिहून ठेवायचं. स्वभावाला धरूनच काम होतं. जागा बघायलाही मी प्रश्नांची यादी करून नेली होती. पाणी आत आहे की अंगणात, वादळात पत्रे टिकले का, स्वयंपाकघर वेगळं आहे का. अंगणात एक उंच, हडकुळे गृहस्थ एका मेंढीला दोन गुडघ्यांत धरून उभे होते. माझा पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी मेंढी सोडली, हात विजारीला पुसला, सरळ माझ्या डोळ्याखाली अंगठा टेकवला आणि खालची पापणी ओढली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि नवऱ्यासमोर एका परक्या माणसाचा शेणाचा वास मारणारा अंगठा माझ्या गालावर होता.

"फिक्की हाय," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मी तिथे नसल्यासारखंच. "शेवग्याचा पाला घाल हिला. खोल्या रिकाम्याच हायत. कवा येताय?"

बाहेर पडल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "मी इथे राहणार नाही." तो म्हणाला, "पाणी आतच आहे." पुढच्या रविवारी आम्ही सामान हलवलं.

आमच्या बेटावर मेंढ्या पाळणारे फार नाहीत. गायी, बकऱ्या घरोघरी असतात. मेंढी, जिला आम्ही क्रेओलमध्ये मुतों म्हणतो, ती एखाद्याच हौशी माणसाकडे. नानांकडे लहानसा कळप होता. दिवसा घरामागच्या गवताच्या तुकड्यावर चरायचा, संध्याकाळी लाकडी फळ्यांच्या उंच गोठ्यात यायचा. नाना ऊसमळ्यावर मुकादम होते, निवृत्त झाले आणि बैलांची, माणसांची हजेरी घ्यायची सवय त्यांनी मेंढ्यांवर काढली. रोज सकाळी एकेकीची पापणी बघायची. मेंढीच्या पोटात रक्त पिणारे जंत झाले की पापणीची आतली बाजू आधी बोलते, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तांबडी असेल तर ठीक. गुलाबी असेल तर लक्ष ठेव. कागदासारखी झाली तर धाव.

इथपर्यंत शहाणपणाचंच होतं. पण नानांना मेंढ्यांपाशी थांबता येत नसे. पोस्टमन आला, पापणी. दूधवाली आली, पापणी. एका गणेशोत्सवाला शहरातून मराठी मंडळाचे मोठे पदाधिकारी भाषणाला आले. सुती सूट, गळ्यात टाय. त्यांना हार घालायचा मान गावातले ज्येष्ठ म्हणून नानांना दिला होता. नानांनी हार घातला आणि हात खाली न घेता, मांडवाच्या देखत, गणपतीच्या देखत, त्यांची पापणी ओढली. मी प्रसादाच्या द्रोणांच्या मागे उभी होते. दुधाचं पातेलं हातातून पडता पडता राहिलं.

"लाल हाय," नानांनी लोकांकडे वळून जाहीर केलं. "बोलू द्या त्यास्नी."

त्या माणसाने फार छोटं भाषण केलं.

नाना नेहमीच बरोबर असत असं मात्र मुळीच नाही. माझ्या सासूबाई दक्षिणेकडच्या सुरिनाम गावाहून चार दिवस राहायला आल्या तेव्हा त्यांची पापणी बघून नाना म्हणाले, "घोड्यासारखी लाल. बघ, ह्या वयात." परत गेल्यावर पंधरवड्यात सासूबाई नळापाशी चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात सांगितलं, अंगात रक्तच नाही. मी तणतणत नानांकडे गेले.

"नाना, चुकलात तुम्ही."

"चुकलो," ते म्हणाले. गोचिड्या काढत बसले होते. मेंढीच्या कानातून एकेक गोचीड उपटायची आणि रॉकेल भरलेल्या सार्डीनच्या डब्यात टाकायची, हे काम ते कुणाशीही, काहीही बोलताना करत. डबा पायाशीच असे. "माणूस खोटं बोलतो. त्याची पापणी बी शिकते त्याच्याकडनं. मुतों न्हाय खोटं बोलत."

त्यांच्या आणखी काही गोष्टी मी कधी पचवू शकले नाही. लेंडी बोटांत चुरून तिचा वास घ्यायचे आणि त्याच हाताने पेरू पुढे करायचे. मेंढीचा खूर कुजला की टमरेलातल्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचे. तेच टमरेल धुऊन पाणी प्यायला ठेवलेलं मी एकदा पाहिलं आणि सरळ कुऱ्हाडीने ठोकून चपटं केलं. पण सगळ्यात भयंकर होतं ते औषध पाजण्याचं.

जंताचं औषध सरकारी पशुवैद्यक कचेरीतून मिळे, पांढरं, खडूच्या पाण्यासारखं. लांब मानेच्या बाटलीतून मेंढीला पाजायचं. मान फार वर करायची नाही, नाहीतर औषध फुफ्फुसात जातं. पहिल्यांदा मी मदतीला उभी राहिले तेव्हा नानांनी बाटली हलवली, बूच काढलं आणि एक मोठा घोट स्वतः घेतला.

"नाना, ते मेंढीचं आहे."

"म्हणून तर. आधी पाजणारा, मग मुतों." त्यांनी मिशी पुसली. "मुकादम असताना बी मी आधी ऊस तोडायचो, मग माणसास्नी सांगायचो. कडू हाय. चल, धर."

मी धरली. मग त्या कामाला मीच शिस्त लावली. कुणाला पाजलं, कुणाचं राहिलं, यात त्यांचा दर वेळी गोंधळ व्हायचा. मी धुण्याची नीळ आणली आणि नियम केला: औषध पोटात गेलं की कपाळावर निळा ठिपका. नानांना तो इतका आवडला की पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्याही कपाळावर लावून घेतला. संध्याकाळी चिनी दुकानात तसेच गेले. दुकानदाराने काही विचारलं नाही. त्याची पापणी तीनदा बघून झाली होती.

निळ्या ठिपक्यांमुळेच एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. सगळा कळप निळा असे आणि मधोमध एक पांढरं, कोरं, रुंद कपाळ. मोठा मेंढा. त्याला कधीच औषध मिळत नव्हतं.

"हा राहिला," मी म्हटलं.

"तो न्हाय," नाना म्हणाले. "तो देवाचा."

मग हळूहळू, दोन-तीन वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी, ती गोष्ट मला कळली. नानांची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी. आमच्याकडच्या कितीतरी पोरींसारखी तीही नर्सचं काम शिकायला इंग्लंडला गेली. ती गेली त्या आठवड्यात गोठ्यात एक नर कोकरू झालं. ते नानांनी गावदेवाला बोललं. उसाच्या बांधावर पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे. माझी बाय, माझी पोर, सुखरूप घरी येईल त्या दिवशी हा मेंढा तुझा.

देवाला बोललेल्या जनावराची आमच्या लोकांत रीत ठरलेली आहे. त्याला दावं लावायचं नाही. कान कापून खूण करायची नाही. नवीन गवत आलं की आधी त्याने तोंड लावायचं, मग बाकीच्यांनी. आणि औषध पाजायचं नाही. औषध गेलेलं जनावर देवाला चालत नाही. ते उष्टं झालं. कोकणातून आलेल्या आमच्या पणजोबांनी हे नियम बोटीत बांधून आणले होते की इथे आल्यावर केले, कोण जाणे. पण नाना ते मोडतील हे शक्य नव्हतं.

मुलगी आली नाही. पहिल्या वर्षांत पत्रं आली, मग नाताळची कार्डं, मग तीही थांबली. कोकरू मोठं झालं, मेंढा झालं, त्याची शिंगं कानामागून वळून गालाशी आली. तो अंगणात मोकळा फिरे, माझ्या वाळवणावरून चालत जाई, कुणी हाकलत नसे. मी एकदा झाडू उगारला तेव्हा नाना म्हणाले, "बायची वाट बघतोय तो. त्याला मारू नको."

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात वादळ आलं आणि त्यामागे पाऊस थांबेना. गवत गुडघ्याएवढं, हिरवंगार, बघून बरं वाटावं असं. आणि त्या हिरव्या गवतात मेंढ्या मरायला लागल्या.

आधी एक. सकाळी उभी होती, दुपारी आडवी. मग आणखी एक. तिच्या जबड्याखाली पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सूज लोंबत होती. आम्ही औषध पाजलं, निळे ठिपके लावले, महिना जात नाही तो पापण्या पुन्हा पांढऱ्या. मी माझ्या पद्धतीने जे सुचेल ते केलं. गोठा धुतला, लेंड्या लांब नेऊन पुरल्या, पाण्याची भांडी उंचावर टांगली. काही फरक नाही. शेवटी मी कारखान्यातून पशुवैद्यक कचेरीत निरोप पाठवला.

डॉक्टर तरुण होता, क्युरपिप शहरातला, मोटारसायकलवरून आला. त्याच सकाळी मेलेली मेंढी त्याने अंगणातच केळीच्या पानांवर उघडली. मी मदतीला पाणी घेऊन उभी होते. त्याने पोट कापलं, आतलं अस्तर पसरलं आणि म्हणाला, "बघा."

आधी मला काहीच दिसलं नाही. मग ते अस्तर हललं. बोटाएवढ्या जागेत केसासारखे बारीक दोरे, तांबडा आणि पांढरा पीळ घातलेले, एकमेकांत गुंतलेले, हलत होते. असंख्य. मेंढी मेली होती आणि ते अजून पीत होते. मी बादली खाली ठेवली आणि भिंतीला धरलं. इतक्या दिवसांत मी जंत, जंत म्हणत होते. जंत म्हणजे हे, हे मला माहीत नव्हतं.

"रक्त पितात," डॉक्टर म्हणाला. "लेंडीतून अंडी गवतावर, गवतावरून पुन्हा पोटात. औषध बरोबर देताय. पण एकही सोडून चालणार नाही. सगळ्यांना एकाच दिवशी." त्याने हात धुतले आणि वर बघितलं. मेंढा कुंपणापाशी नव्या गवतात शांतपणे चरत होता, एकटा, सगळ्यांच्या आधी. "आणि हा? याच्या कपाळावर निळं का नाही?"

मी सांगितलं.

डॉक्टर हसला नाही. उकिडवा बसून, आमच्याकडे म्हाताऱ्याला मारतात तशी हाक मारून म्हणाला, "बोनोम, हा दांडगा आहे, याला काही होत नाही. पण याच्या पोटात आहेतच. रोज ताज्या गवतावर हाच पेरतो, मागून तुमच्या माद्या खातात. याला औषध द्या. नाहीतर निदान बांधून दुसरीकडे ठेवा."

"सोडलेल्याला दावं लावत न्हाईत," नाना म्हणाले.

"मग कोणी उरणार नाही."

नाना उठले, डॉक्टरापाशी गेले आणि त्याची पापणी बघितली. त्याने बघू दिली. "लाल हाय," नाना म्हणाले आणि गोठ्यात गेले.

मोटारसायकल गेल्यावर मी त्यांच्यामागे गेले. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला डॉक्टरचं म्हणणं नीट समजलं नसेल, समजावून सांगू. मी सुरुवात केली, "नाना, तो मेंढा लेंड्या टाकतो ना, त्यातून..."

"ठावं हाय मला."

"म्हणजे आत्ता कळलं ना?"

"न्हाय गो. वादळाआधीपासनं ठावं हाय. त्याच्यामागं चरतात, त्याच आधी फिक्क्या पडायच्या, आता मरतात. मी रोज बघतोय." ते फळीवर हात ठेवून उभे होते. "मुकादम व्हतो मी. कुठनं कीड लागली ते मला कळत न्हाय व्हय?"

अडाणीपणा मी समजून घेतला असता. रूढी समजून घेतली असती. पण हा माणूस रोज सकाळी एकेकीची पापणी उघडून, ती पांढरी होताना बघत होता, कारण माहीत असून. आणि मेंढ्यांवर त्याचा जीव नव्हता असंही नव्हतं. मेलेल्या प्रत्येकीला त्यांनी स्वतः खड्डा खणला होता.

"का?" मी विचारलं.

नानांनी फळीवरची एक लेंडी उचलून बोटांत चुरली. मग म्हणाले, "त्याला औषध पाजलं तर तो देवाचा न्हाय ऱ्हात. तो देवाचा न्हाय ऱ्हायला तर बाय कशाच्या जोरावर येनार? आपल्याकडनं धरून ठेवायला दुसरं काय हाय?"

मग त्यांनी मला विमानतळाची गोष्ट सांगितली. मुलगी निघाली त्या दिवशी सगळ्या पोरी एकसारख्या कोटांत उभ्या होत्या, कुणीतरी फोटो काढत होतं. नानांनी निरोप घेताना सवयीने तिच्या डोळ्याखाली अंगठा नेला. तिने मान मागे घेतली. "बाबा, इथे नको," ती म्हणाली, आणि आत गेली.

"न्हाय बघितली मी तिची पापणी," नाना म्हणाले. "लाल व्हती का फिक्की, आजपातुर ठावं न्हाय मला."

मी घरी गेले आणि त्या दिवशी भांडी दोनदा घासली.

कळप आटत गेला. शेवटी दोन माद्या, एक कोकरू आणि तो मेंढा, एवढंच. दोघींपैकी एक एका सकाळी गवतात पडली. कोकरू नुकतंच गवत कुरतडायला लागलं होतं. ते मेलेल्या आईच्या सडाला ढुशा देत होतं. नानांनी त्याला उचललं, पापणी खाली केली. मी खांद्यावरून बघितलं. कागद. नाना त्याला छातीशी धरून गवतातच बसले, ओल्या गवतात, बराच वेळ.

"ह्यानं काय केलंन?" ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

दुसऱ्या सकाळी मी खिडकी उघडली आणि हादरले. नानांनी आंघोळ केली होती, गणपतीला नेसायचं धोतर नेसलं होतं. मेंढ्याच्या कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. पाटावर नारळ, कापूर, फडक्याखाली झाकलेलं काहीतरी. बळी द्यायच्या दिवशी असतं तसं सगळं. मला वाटलं, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. मुलगी आलेली नाही आणि हे मेंढा कापताहेत. म्हणजे ती मेली असं धरून चालले की काय. मी अनवाणी धावत बाहेर गेले. नवरा तोंडात दात घासायची काडी घेऊन मागून आला.

"नाना, थांबा."

"आलीस? बरं झालं. शिंगं धर."

"नाना, मी हे धरणार नाही."

त्यांनी कापूर लावला. पिंपळाच्या दिशेने, उसाच्या पलीकडे, हात जोडले. मोठ्याने, कारखान्यात हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "बोललो व्हतो, पुरं करत न्हाय. सगळं ठावं असून करतोय. राग काढायचा तर माझ्यावर काढ. बायवर काढू नको." आणि फडकं बाजूला केलं.

बाटली होती. पांढरं औषध.

नवऱ्याच्या तोंडातली काडी खाली पडली. मी पुढे होऊन शिंगं धरली. काय करतेय हे मला नीट कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या मेंढ्याला कुणी हात लावलेला नव्हता आणि तो माझ्या हातांत एकदम शांत उभा राहिला. नानांनी आधी स्वतः घोट घेतला. मग त्याच्या जबड्याच्या कडेने बाटली सरकवली, मान बेताने वर केली, त्याच्या घशावर दोन बोटं फिरवली. औषध खाली गेलं. कुंकवाच्या बाजूलाच त्यांनी नीळ लावली. मग कोकराला पाजलं, उरलेल्या मादीला पाजलं, आणि गळ्यात दावं बांधून मेंढ्याला नळाच्या खांबाला बांधलं.

गावात बोलणं झालं. देवळाच्या मंडळींनी दुसरा मेंढा द्या म्हणून सुचवून बघितलं. नाना म्हणाले, "मी बायसाठी बोललो व्हतो, बाजार न्हाय मांडला." चिनी दुकानात त्यांच्या पाठीमागे कुणी म्हणालं, आता पोरगी कसली येते. नानांना ते ऐकू गेलं. त्यांनी त्या माणसाची पापणी बघितली नाही. त्यानंतर बरेच महिने त्यांनी माणसांपैकी कुणाचीच बघितली नाही. पोस्टमन मुद्दाम वाकून उभा राही, तरी नाही.

कोकरू जगलं. मादीही सावरली, पुढच्या वर्षी तिला जुळं झालं. गवतावर आता सगळे एकाच वेळी सोडले जात. मेंढा बाकीच्या वेळी बांधलेला राहायला शिकला. माझं वाळवण सुरक्षित झालं.

आणि मग चिनी दुकानातून निरोप आला. गावातला फोन तिथेच होता. दुकानदार स्वतः धापा टाकत अंगणात आला. इंग्लंडहून फोन, तुमची मुलगी, रविवारच्या विमानाने येतेय. नाना मेंढीला गुडघ्यांत धरून उभे होते. त्यांनी तिला सोडलं नाही. "बरं," म्हणाले. मी मात्र पायरीवर बसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते नानांचं वाक्य: राग काढायचा तर.

रविवारी आम्ही भाड्याची गाडी केली. वाटेत माझा नवरा म्हणाला, "बघा नाना, मेंढा न घेता पाठवली देवाने."

"बघू," नाना म्हणाले. अख्ख्या रस्त्यात एवढंच.

विमानतळावर लोक बाहेर येत होते, मिठ्या मारत होते. ती जवळजवळ शेवटी आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं, नानांसारखीच उंच. मोठा कोट घातला होता, आमच्या उन्हात, आणि तरी काढत नव्हती. सामान ढकलताना दोनदा थांबली. नानांसमोर आली, वाकून पाया पडली, उठताना तिने माझा दंड धरला. हात गार होता.

"बाबा," ती म्हणाली. मराठी आठवून आठवून बोलत होती. "त्या दिवशी राहिलं होतं तुमचं." आणि तिने स्वतःच बोटाने आपली खालची पापणी ओढली आणि चेहरा वडिलांपुढे केला. हसत होती.

मी नानांच्या शेजारीच उभी होते, तिची हातपिशवी घेऊन. मला दिसायला नको होतं, पण दिसलं. त्यांनीच मला बघायला शिकवलं होतं. आत रंग नव्हता. गुलाबीसुद्धा नाही. त्या कोकराची होती तशी.

नानांनी अंगठा वर नेला. तिच्या गालाला टेकवला. भर मांडवात मोठ्या पाहुण्याला न सोडणारा, माझ्या सासूबाईंना तोंडावर सांगणारा हा माणूस. मी पिशवी घट्ट धरून त्याच्या बोलण्याची वाट बघत होते.

"लाल हाय," नाना म्हणाले. "एकदम लाल."

ती मोकळं हसली. "म्हणजे मी बरी आहे?"

"बरी हायस. चल घरी."

गाडीत ती त्यांच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसली. तिथल्या हवेने दमले, म्हणाली, थोडे दिवस रजा घेतली आहे, इथे राहीन. नानांनी मान हलवली. फ्लाकच्या बाजारापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, तिच्यासाठी मिठाई. ते बाजारात शिरले आणि जरा वेळाने परत आले तेव्हा त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दोन्ही हातांत शेवग्याचा पाला, जुड्याच्या जुड्या, डोक्याच्या वर गेलेला. बहुधा भाजीवालीकडे होता तेवढा सगळा. गाडीत बसले, पाला मांडीवर घेतला, पायाशी ठेवला, उरलेला माझ्या नवऱ्याच्या हातात दिला.

मुलीने डोळे उघडले. "अयो, बाबा. इतका पाला कुणाला?"

"मुतोंला," नाना म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.